सिंधीपुऱ्यात दोन लाखांचं कार्ड

३० जानेवारी २०२५ला एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड विक्रीला आलं. अमेरिकेत जाहीर भाव १,९९९ डॉलर, भारतात २,१४,००० रुपये. एवढ्या पैशात घरात दोन स्कूटर येतात. संगणकाच्या एका सुट्या भागावर, तेही मुख्यतः गेम खेळण्यासाठी, कोणी इतके पैसे घालावेत का? हा प्रश्न गेमशी संबंध नसलेल्या माणसालाही पडतो, आणि खेळणाऱ्याला तर तो झोपू देत नाही. उत्तर बहुतेक जण परीक्षणांत शोधतात. तिथे कार्ड मोजलं जातं ते थंड खोलीत, स्थिर विजेवर, कोऱ्या पेटीत बसवून. आपण हेच कार्ड बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात नेऊन बघू.

सिंधीपुरा हा बऱ्हाणपूरच्या जुन्या शहरातला मोहल्ला. तापीकाठचं हे शहर फारुकी सुलतानांनी वसवलं, पुढे ते मुघलांच्या दख्खन स्वाऱ्यांचं ठाणं झालं; मुमताज महल १६३१मध्ये इथेच वारली. कापड हा इथला तेव्हापासूनचा धंदा. ताव्हर्निए हा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात इथून गेला आणि इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जातं असं लिहून गेला. आज त्या जागी हजारो यंत्रमाग आहेत. सरकारदरबारी हा मध्य प्रदेश, पण रावेर, भुसावळ, जळगाव ही इथल्या अनेक घरांची सोयरिकीची गावं आणि घरातली भाषा मराठी. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. गल्ल्या अरुंद, घरं भिंतीला भिंत लावून. हवेत मागांची धूळ, घराघरांत कूलर, आणि विजेचं बिल बघून पंखा बंद करणारी वडीलधारी माणसं. यातली एकूणएक गोष्ट त्या कार्डाच्या मोलात धरावी लागते.

आधी किंमत. भारतात आपल्याला लुटतात, ही तक्रार प्रत्येक खरेदीदार करतो. ती पूर्ण खरी नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये आधीच्या पिढीचं आरटीएक्स ४०९० आलं तेव्हा त्याचा अमेरिकन भाव १,५९९ डॉलर होता. त्या वेळी डॉलर साधारण ८२ रुपयांना होता, म्हणजे १,३१,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी चढवला की होतात १,५४,७००. भारतातला जाहीर भाव होता १,५५,०००. अमेरिकेतला जाहीर भाव विक्रीकर सोडून असतो, आपला कर धरून, एवढाच तो फरक. ५०९०चा हिशेब ८६-८७ रुपये डॉलरने केला तर दोन लाख तीन-पाच हजार होतात, म्हणजे नऊ-अकरा हजारांचाच भार वर येतो. लूट होते ती पुढच्या पायरीवर. माल कमी आला की जाहीर भावाला कार्ड मिळत नाही, आणि ५०९०च्या बाबतीत सुरुवातीचे कित्येक महिने नेमकं तेच झालं. जाहीर भाव आणि दुकानातला भाव यांतला फरक हा टंचाईचा भाव असतो. थांबण्याची तयारी असलेल्या माणसाने तो द्यायचं कारण नाही.

आता हे यंत्र करतं काय ते पाहू, आणि त्यासाठी बऱ्हाणपूरसारखी दुसरी जागा नाही. यंत्रमागावर शेकडो उभे धागे ताणलेले असतात. एका ठोक्यासरशी त्यांतले ठरलेले धागे सगळे एकदम वर उचलले जातात, मधून धोटा जातो, ठोका बसतो, पुढची ओळ विणली जाते. प्रत्येक धाग्याला वेगळा हुकूम द्यावा लागत नाही. ग्राफिक्स चिपचं काम असंच चालतं. ५०९०मध्ये २१,७६० लहान गणक आहेत. कामं ३२-३२च्या गटांत वाटली जातात आणि गटातले सगळे एका वेळी एकच आज्ञा पाळतात, फक्त प्रत्येकाच्या हातातला आकडा वेगळा. या गटाला दिलेलं नावही मागावरच्या ताण्याचं आहे. पडद्यावरच्या चित्रात लाखो ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडला, त्याचा रंग कोणता, हे काढण्याचं गणित जवळपास एकच असतं. म्हणून ही रचना चित्रासाठी अफाट वेगवान ठरते. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये आठ-दहा-सोळा हुशार गणक असतात, पण ते नक्षीकाम करणारे; थानच्या थान विणणं हे त्यांचं काम नव्हे.

त्या ताकदीचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा देतो. १९९१मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याची कमाल क्षमता सेकंदाला १ अब्ज गणितांची होती आणि साऱ्या देशाला त्याचा अभिमान वाटला. परमसारख्या यंत्रावर वैज्ञानिक लोक दुहेरी अचूकतेचं गणित करतात. गेमिंग कार्डांत ही क्षमता मुद्दाम छाटलेली असते. तरीही आरटीएक्स ४०९० त्या छाटलेल्या प्रकारातसुद्धा सेकंदाला बाराशे अब्जांच्या वर गणितं करतं. हे यंत्र आता टेबलाखाली मावतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण ताकद असणं वेगळं आणि ती वापरली जाणं वेगळं. महागडं कार्ड घेऊन मालक निराश होतात त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण त्यांच्या टेबलावरच दिसतं: जुना पडदा. नेहमीचा फुल एचडी पडदा १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचा, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके. तो सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, तर कार्डाला सेकंदाला साडेबारा कोटींच्या आत ठिपके रंगवायचे असतात. ४के पडद्यावर ठिपके बरोबर चौपट, आणि तो १२० चित्रांचा असेल तर काम जवळजवळ शंभर कोटींवर जातं. पहिल्या पडद्यावर ५०९० लावलं की चिप बहुतेक वेळ मुख्य प्रोसेसरकडून पुढच्या चित्राचं काम येण्याची वाट बघत राहते. मीटरवर कार्ड चाळीस टक्केच वापरात दिसतं, आणि मालकाला वाटतं कार्ड खराब निघालं. चांगला पडदा, साजेसा प्रोसेसर, १,००० वॅटचा वीजपुरवठा आणि हवेशीर पेटी यांचे पैसे बाजूला काढल्यावर उरेल ते कार्डाचं बजेट. उलट दिशेने सुरुवात केली की गडबड होते.

या पिढीतल्या कार्डांच्या वरच्या दोन पायऱ्यांची तुलनाही करून बघावी. आरटीएक्स ५०८० भारतात १,०७,००० रुपयांना जाहीर झालं, म्हणजे ५०९०च्या निम्म्याला. त्यातले गणकही जवळपास निम्मे, १०,७५२. मग वेगही निम्मा असायला हवा, पण ४के गेममध्ये ५०९० साधारण दीडपटच वेगवान ठरतं. दाम दुप्पट, काम दीडपट. सगळ्यात वरच्या पायरीला हे नेहमीच असं असतं. फक्त खेळणाऱ्या माणसाने ती पायरी चढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खोलीत येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. ५०९० पूर्ण जोरात चाललं की ५७५ वॅट वीज घेतं, अख्खा संगणक ७००च्या आसपास. ही वीज चित्रांत साठून राहत नाही. जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत येते. कार्डावरचे पंखे काही गारवा तयार करत नाहीत, ते फक्त चिपची उष्णता खोलीच्या हवेत ढकलतात. म्हणजे चिपचं तापमान कायम खोलीच्या तापमानाच्या वर मोजायचं. २५ अंशांच्या खोलीत जी चिप ७०वर राहते, ती ४० अंशांच्या खोलीत ८५कडे जाणार. ४०९० आणि ५०९० दोन्हींची मर्यादा ९० अंश आहे. त्याच्या जवळ गेलं की चिप आपोआप वेग कमी करते. दोन लाखांचं कार्ड मे महिन्याच्या दुपारी एक लाखाच्या कार्डासारखं वागू लागतं, आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. गल्लीतल्या घराला समोरासमोर खिडक्या नसतील तर दोन तासांत खोली राहण्याजोगी उरत नाही.

यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे कूलर. कोरड्या मेमध्ये तो खोली खरंच खाली आणतो, पण त्याची हवा दमट असते. ती सरळ संगणकाच्या तोंडावर सोडली की मागांच्या मोहल्ल्यातली आणखी एक गोष्ट सुरू होते. हवेत रुईचे बारीक तंतू तरंगत असतात. कार्डाच्या पंख्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट रांग असते, दोन पत्र्यांमध्ये जेमतेम एक-दीड मिलिमीटरची फट. साधी माती त्या फटीतून बरीचशी निघून जाते. तंतू मात्र पत्र्याच्या कडेला अडकतो, त्यात दुसरा गुंततो, त्यावर कूलरचा ओलावा बसतो, आणि काही आठवड्यांत तिथे नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा काढल्यावर तो थर बोटाने सोलून अख्खा निघतो. बाहेरून कार्ड स्वच्छ दिसतं, पंखेही फिरत असतात, आणि हवा मात्र आत जात नाही.

म्हणून पेटी जमिनीवर ठेवू नये, कूलरच्या झोतात ठेवू नये, आणि हवा आत घेणाऱ्या बाजूला बारीक जाळी लावून ती दर आठवड्याला झटकावी. सफाई करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरला तर त्याची बेअरिंग जाते. आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह आवरावा. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, तेलाचा अंशही असतो, आणि तो फवारा सरळ सर्किटवर जातो. मऊ ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर पुरतो.

विजेचा प्रश्न बिलापासून सुरू होतो. ७०० वॅटचा संगणक रोज चार तास खेळला तर २.८ युनिट, महिन्याला ८४. युनिटला सात रुपये धरले तर सहाशेच्या आत, म्हणजे फार नाही असं वाटतं. पण मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याला १५० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घराला पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये पडतात. १५०च्या वर गेलं की ती सवलत त्या महिन्यापुरती जाते. एखाद्या घराचा वापर १२० युनिट असेल, तर मुलाचं कार्ड तो २०४वर नेतं. मग बिलात फक्त ८४ युनिट वाढत नाहीत, आधीचे शंभरही पूर्ण दराने लागतात. तीन-चार वर्षं हे चाललं तर ती रक्कम कार्डाच्या किमतीत मिळवून धरावी लागते. घरातले मोठे विजेवरून बोलतात तेव्हा त्यांचा हिशेब बरोबर असतो, एवढं मुलांनी मानावं.

दुसरी अडचण यूपीएसची. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास भार घेतो. वीज गेली आणि गेम चालू असला, तर तो वाचवायच्या ऐवजी स्वतःच बंद पडतो. शिवाय ही कार्डं क्षणार्धात सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेतात. म्हणूनच २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात वीजपुरवठ्याने १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट उसळी सोसली पाहिजे अशी अट घातली गेली. वीजपुरवठा घेताना हे मानक डब्यावर लिहिलेलं बघावं. जुन्या घरात अर्थिंग नीट आहे का, हे मात्र वायरमनला बोलावूनच तपासायचं.

आणि कार्डाला वीज पोचवणारा तो सोळा पिनांचा जोड. याच्याबद्दल मालकांच्या मनात भीती आहे आणि ती अनाठायी नाही. १२ व्होल्टवर ५७५ वॅट म्हणजे जवळपास ४८ अँपिअर. ते सहा पिनांतून वाटले जातात, प्रत्येकीच्या वाट्याला ८. पिनेची क्षमता ९.५च्या आसपास, म्हणजे मोकळीक फार थोडी. एखाददुसऱ्या पिनेचा स्पर्श नीट झाला नाही की तिचा भार बाकीच्यांवर पडतो. २०२२मध्ये ४०९०चे जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या. जगभरात सुमारे ५० प्रकरणं कळली आहेत आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण दिसतं, असं एनव्हिडियाने त्या नोव्हेंबरात सांगितलं. जोडाची रचना सुधारली गेली. तरी फेब्रुवारी २०२५मध्ये जर्मन तंत्रज्ञ रोमान हार्टुंग यांनी ५०९०च्या एकाच तारेतून २० अँपिअरहून जास्त प्रवाह मोजून दाखवला. प्लग ढकलल्यावर फट अजिबात दिसता कामा नये, आणि त्याच्या तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत तार वाकवू नये. इंदूरहून जोडून आणलेला संगणक इच्छापूर महामार्गाच्या घाटांतून येतो, आणि मोठी कार्डं दोन किलोच्या वर भरतात. आणताना कार्ड काढून वेगळ्या डब्यात आणावं, आणि घरी बसवताना प्लग पुन्हा तपासावा.

या सगळ्यावर एक फुकटचा उपाय आहे आणि तो फार कमी मालक करतात. सॉफ्टवेअरमधून कार्डाच्या विजेची कमाल मर्यादा सत्तर टक्क्यांवर आणायची. ४०९०वर असं केलं की वेग साधारण पाच टक्के घटतो, डोळ्यांना ते कळतही नाही, पण ४५०चे ३१५ वॅट होतात. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी कारखान्याने कार्डाला हद्दीपर्यंत ताणलेलं असतं. थंड देशात ते खपतं. आपल्याकडे एप्रिल ते जून तरी ही मर्यादा लावावीच. बिल, उष्णता आणि तो सोळा पिनांचा जोड, तिघांनाही आराम पडतो.

मग हे कार्ड कोणाला परवडतं? जो दिवसा त्यावर कमावतो त्याला. गावात अशी माणसं आहेत: लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओवाले. हल्लीचे कॅमेरे दहा बिटांचं, ४:२:२ रंगाचं चित्रण करतात, आणि ते संपादनात अडखळत चालतं, कारण आधीच्या पिढ्यांची कार्डं ते थेट उलगडू शकत नव्हती. आरटीएक्स ५०च्या पिढीत ती सोय आली. लग्नसराईत तीन-चार कॅमेऱ्यांचं चित्रण हाताळणाऱ्याचे तास वाचतात, आणि तास म्हणजे जास्तीची ऑर्डर. त्याची जीएसटी नोंदणी नियमित प्रकारातली असेल तर व्यवसायासाठी घेतलेल्या कार्डावरचा करही वळता करता येतो. २,१४,०००मध्ये तो सुमारे ३२,६०० रुपये असतो. कंपोझिशन योजनेतल्याला मात्र ते मिळत नाही. तरीही मी अशा माणसाला ५०९० सुचवणार नाही. ४:२:२ची सोय ८०,०००ला जाहीर झालेल्या ५०७० टीआयमध्येही आहे, त्यात १६ जीबी मेमरी आहे आणि ते ३०० वॅटवर चालतं. ५०९०चे ३२ जीबी खरोखर लागतात ते मोठी त्रिमिती दृश्यं रचणाऱ्याला किंवा घरच्या संगणकावर एआयची मोठी मॉडेलं चालवणाऱ्याला.

एआयमुळेच वापरलेल्या कार्डांच्या भावाचा हिशेब बदलला. पूर्वी नवी पिढी आली की जुनी निम्म्यावर यायची. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ला ग्राफिक्स कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धत बंद केली, तेव्हा तर वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले आणि दोन वर्षं तिप्पट भाव मोजलेल्यांचे हात पोळले. ४०९०चं उलट झालं. एआयवाल्यांची मागणी आणि थांबलेलं उत्पादन यांमुळे २०२५च्या सुरुवातीला कित्येक मालकांनी ते वापरून झाल्यावर मूळ किमतीच्या आसपास विकलं. पण यावर भरवसा ठेवून कार्ड घेऊ नये. भरवसा ठेवायचा तर जीटीएक्स १०८० टीआयसारख्या उदाहरणावर. ते मार्च २०१७मध्ये ६९९ डॉलरला आलं, ११ जीबी मेमरी घेऊन. एनव्हिडियाने त्या पिढीचे गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पर्यंत दिले, म्हणजे साडेआठ वर्षं. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढणं, सक्तीचं करणारे गेम आल्यावरच ते खऱ्या अर्थाने मागे पडलं. किंमत वापराच्या वर्षांनी भागली तर गेल्या दहा वर्षांत त्याच्याइतकं स्वस्त पडलेलं महाग कार्ड मला दुसरं दिसत नाही.

इतकी वर्षं टिकवायचं तर वॉरंटी आणि कागद नीट लागतात. बऱ्हाणपुरात सेवाकेंद्र नाही. कार्ड कुरिअरने मोठ्या शहरात जातं आणि ते परत येईपर्यंत संगणक आंधळा. प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स असलेला प्रकार घेतला तर तेवढे दिवस निभतात. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवलेल्या कार्डाला अनेक कंपन्या भारतात वॉरंटी देत नाहीत, आणि सवलतीच्या मर्यादेवर विमानतळावर शुल्क लागतं ते वेगळं. कार्ड हातात आलं की पहिल्याच दिवशी जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवून कार्डातले घटक पूर्ण आहेत का ते बघावं. २०२५च्या सुरुवातीच्या काही ५०९०मध्ये चित्र पूर्ण करणारे आठ घटक कमी निघाले होते, १७६च्या जागी १६८. एनव्हिडियाने चूक मान्य करून कार्डं बदलून द्यायला सांगितली, पण ती ज्यांच्या लक्षात आली त्यांनाच मिळाली. आणि दुकान इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधलं असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं, बिलावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.